कबुतराची मान

गाडी शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी डावीकडे बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली. मास्तरांच्या मेव्हण्याच्या ड्रायव्हिंग शाळेतल्या पांढऱ्या गाडीत याशिवाय आणखी एक भानगड होती. मास्तरांनी आपला ब्रेक दाबला की समोरच्या फळीखाली घंटी वाजायची. कुणाच्या तरी दारावरची जुनी घंटी मेव्हण्याने तारा ओढून तिथे बसवून घेतली होती. ती वाजली म्हणजे शिकणारा चुकला आणि मास्तरांनी सावरून घेतलं. फेरी संपली की किती घंट्या झाल्या ते शिकणाऱ्याच्या कार्डावर लिहायचं, खाली मास्तरांनी शेरा मारायचा आणि त्याखाली शिकणाऱ्याने सही करायची. सलग तीन फेऱ्या बिनघंटीच्या झाल्या की परीक्षेची चिठ्ठी मिळायची. त्याआधी कुणी कितीही गयावया केली तरी नाही.

हा नियम मेव्हण्याचा, पण त्याचा दरारा मास्तरांचा. मास्तरांनी एकतीस वर्षं बस चालवली होती आणि बसला कधी ओरखडासुद्धा येऊ दिला नव्हता. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा ते मेव्हण्याच्या गाडीत डाव्या बाजूला येऊन बसले, त्याला नऊ वर्षं झाली. बायकोचा हा धाकटा भाऊ तसा फटकळ, पण त्यांच्याबद्दल बोलताना त्याची छाती फुगायची. "आमच्या दाजींचा पाय त्या ब्रेकवर आहे ना, मग मी इथे खुर्चीत घोरायला मोकळा," असं तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा. आणि खरोखर घोरायचा.

त्या शाळेत एके सकाळी एक मुलगी आली. चोवीस-पंचवीसची असेल. बाजारातल्या मोठ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जो गेमचा हॉल होता, तिथे ती कामाला होती. रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या एका लॅबला गाडी चालवायला माणूस हवा होता. एक तारखेला लायसन्स आणून दाखव आणि गाडीची किल्ली घे, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

"आधी कधी चालवलीय का?" मेव्हण्याने फॉर्म भरता भरता विचारलं.

"हो. चार वर्षं."

"कितीनं चालवतेस?"

"तीनशेनं. सरळ रस्ता असला तर सव्वातीनशे."

मेव्हण्याचं पेन थांबलं. मास्तर खिडकीशी उभे होते, ते वळले.

"खऱ्या रस्त्यावर नाही," मुलगी हसून म्हणाली. "गेममध्ये. डोळ्यांवर तो मोठा चष्मा लावायचा, खुर्चीत बसायचं, समोर स्टिअरिंग, खाली पेडल. सगळं खऱ्यासारखं असतं. मी तीन कप जिंकलेत."

"मी झोपेत विमान उडवतो," मास्तर म्हणाले. "म्हणून पायलटची टोपी घालून हिंडत नाही."

मेव्हणा खदाखदा हसला. मुलगीही हसली, पण तिचे कान लाल झाले.

पहिल्या फेरीला मास्तरांचं म्हणणं सोळा आणे खरं ठरलं. मागच्या सीटवर पुढच्या फेरीचा शिकणारा बसायची पद्धत होती. त्या दिवशी तिथे शिवणवाल्या काकू बसल्या होत्या. पन्नाशीत गाडी शिकायला निघालेल्या आणि तोंड कायम चालू. मुलीने पहिल्याच वळणावर ब्रेकवर अशी लाथ घातली, की काकूंच्या मांडीवरचा डबा उडून मास्तरांच्या खांद्यावर आला.

"अगं, मुंगी मारतेस का हत्ती?" मास्तर ओरडले.

"गेमचं पेडल घट्ट असतं, मास्तर. जोरात दाबावं लागतं."

"इथे पायाखाली लोखंड नाही, माणसं आहेत. मागे काकू आहेत."

"अख्खी आहे की नाही ते आता मोजून बघायला हवं," काकू मागून म्हणाल्या.

गाडी चौकात बंद पडली तेव्हा मुलीचा अंगठा स्टिअरिंगवर काहीतरी चाचपायला लागला. काय शोधतेस म्हणून मास्तरांनी विचारलं, तर म्हणाली, "पुन्हा सुरू करायचं बटण." गेममध्ये गाडी आपटली की ते बटण दाबायचं, तीन सेकंदांत गाडी धुऊनपुसून पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभी. वळण घेताना ती सरळ फूटपाथच्या कडेवर चाक चढवायची, कारण गेममध्ये त्याने वेळ वाचतो. पहिल्या दिवशी नऊ घंट्या झाल्या. चौथ्या दिवशी मागे घेताना तिने शाळेचा कचऱ्याचा डबा उडवला. धप्प आवाज झाला आणि ती पांढरीफटक पडली. खाली उतरून त्या चेपलेल्या पत्र्यावर बराच वेळ हात फिरवत राहिली.

"आवाज पोटात आला," ती म्हणाली. "गेममध्ये कानातच येतो."

हे वाक्य मास्तरांना आवडलं होतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. तिचे हात स्टिअरिंगवर लोण्यासारखे फिरतात आणि नजर गाडीच्या नाकाशी न घुटमळता दूर वळणाच्या पलीकडे जाते, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. तेही ते बोलले नाहीत. मेव्हण्याच्या मनात शाळेत असलं गेमचं एक यंत्र आणून ठेवायचं घाटत होतं. कौतुक केलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशीच आणलं असतं.

त्यांना खरा राग होता तिच्या मानेचा. दर दोन-तीन सेकंदाला तिची मान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. गल्ली आली की मान, उभी गाडी आली की मान, काहीच आलं नाही तरी मान.

"मानेत स्प्रिंग बसवलाय का तुझ्या?"

"तो चष्मा लावला ना मास्तर, की कडेचं दिसत नाही. नळीतून बघितल्यासारखं होतं. मान नाही वळवली तर शेजारचा कधी येऊन घासून जातो कळत नाही. त्यामुळे सवय लागली."

"मग तो चष्मा ठेव तिकडे आणि इथे देवानं दिलेले डोळे वापर. डोळ्याला कडेचं दिसतं, म्हणूनच मान सरळ ठेवायची. मी एकतीस वर्षं सरळ मान ठेवून बस चालवली. कबूतर आहेस का?"

झालं. त्या दिवसापासून तिचं नाव कबूतर पडलं. मेव्हणा कार्ड शोधताना "कबुतराचं कुठंय?" म्हणायला लागला. काकू तर तिला येताना बघून गुटर्रगूं करायच्या. मुलगी हसण्यावारी न्यायची, पण मान काही थांबली नाही. घंट्या मात्र कमी होत गेल्या. नवाच्या चार झाल्या, चाराची एक झाली. आणि मग सलग दोन फेऱ्या बिनघंटीच्या गेल्या. महिना संपायला चार दिवस उरले होते. आणखी एक फेरी तशी गेली की चिठ्ठी.

त्या तिसऱ्या फेरीच्या दिवशी सकाळी मास्तरांच्या घरी चहाचा कप फुटला. त्या महिन्यातला तिसरा. मास्तर पेपर उचलायला वळले आणि डाव्या कोपराने कप खाली गेला.

"कुठे ठेवतेस कप? माणसाच्या कोपराखाली ठेवायची पद्धत आहे का?"

"रोज ठेवते तिथेच ठेवला," बायको काचा गोळा करत म्हणाली. "तुमचंच लक्ष नसतं. परवा दाराच्या चौकटीला खांदा आपटलात, तेव्हा दारही मीच हलवलं होतं का?"

"डोळे चांगले आहेत माझे. दरवर्षी तपासतात."

ते खोटं नव्हतं. शिकवायच्या परवान्याचा बिल्ला नवा करताना दरवर्षी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावत आणि मास्तर शेवटची बारीक ओळही घडाघडा वाचत. तपासणारा म्हणायचा, "मास्तर, तरुणांना लाजवता." तो तक्ता समोर टांगलेला असतो, नाकासमोर. कडेला काय दिसतं हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशीची फेरी छान चालली होती. मुलीने चौक घेतला, पूल घेतला, मुलांची शाळा सुटायच्या गर्दीतून गाडी लोण्यातून सुरी काढावी तशी काढली. मागे काकू चष्मा काढून पुसत होत्या आणि कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची कहाणी सांगत होत्या. फर्निचरच्या दुकानाजवळ, जिथे डाव्या हाताला एक अरुंद गल्ली रस्त्याला मिळते, तिथे मुलीची मान डावीकडे वळली आणि तिने एकदम कचकन ब्रेक मारला.

गाडी जागच्या जागी रुतली. काकूंचा चष्मा पायाशी पडला, त्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मागून कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून दिला. घंटी वाजली नाही, कारण मास्तरांचा पाय हललाच नव्हता.

मास्तर उजवीकडे तिच्याकडे वळले आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. "काय दिसलं? पाताळ फाटलं का पुढे? रिकाम्या रस्त्यावर अशी लाथ? मागचा येऊन धडकला असता म्हणजे?"

"सायकल आली, मास्तर. गल्लीतून." तिचा श्वास वर लागला होता. "तुमच्याच बाजूनं."

मास्तरांनी तेव्हा कुठे डावीकडे मान वळवली. गल्ली रिकामी होती. एक मांजर भिंतीवर बसलं होतं.

"कुठंय सायकल?"

"आत्ता आपल्या डाव्या कडेनं मागे गेली."

"काकू, तुम्हाला दिसली?"

काकू पायाशी हात घालून चाचपत होत्या. "मला माझा चष्मा दिसेना, सायकल कुठली दिसायला!"

"दिसणार कशी? गेममधली असेल," मास्तर म्हणाले. "तिथे हवेतून गाड्या येतात म्हणे."

शाळेत परत आल्यावर त्यांनी कार्ड पुढे ओढलं आणि लिहिलं: *घंट्या शून्य. कारण नसताना जोरात ब्रेक. गेमची सवय गेलेली नाही. चिठ्ठी देऊ नये. आणखी दहा फेऱ्या.* आता एक तारीख हुकणार, हे लिहिताना त्यांना माहीत होतं. मुलीने शेरा वाचला. भांडली नाही. खाली सही केली आणि पेन परत देताना इतकंच म्हणाली, "मास्तर, त्या बाजूला तुम्ही बसला होतात."

ते वाक्य मास्तरांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. रात्री झोपेपर्यंत ते स्वतःशी घोकत होते, की पोरगी बहाणे करते. आजकालची पोरं चूक कबूल करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मेव्हण्यापुढे बाकावर बसली होती. दहाच्या पाच फेऱ्या करता येतील का, म्हणून विचारायला आली होती. मास्तर कपाटाशी फायली लावत होते. तेवढ्यात टपालवाली आली. ती रोज याच वेळी सायकलवरून यायची, टपाल टाकायची, पाणी प्यायची आणि जायची. आज तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

"काल दुपारी तुमची गाडी कोण चालवत होतं?"

मेव्हण्याने मुलीकडे बोट केलं. "हे आमचं कबूतर. का? काही झालं का?"

टपालवाली सरळ मुलीपाशी गेली आणि तिचे दोन्ही हात धरले. "पोरी, तू ब्रेक मारला नसतास तर आज ही पिशवी दुसरंच कुणी घेऊन आलं असतं. मी गल्लीतून बाहेर आले आणि बघते तर तुझा बंपर माझ्या गुडघ्याशी." मग ती मास्तरांकडे वळली. "आणि मास्तर, चूक माझी नव्हती हं. तुमचं तोंड माझ्याच बाजूला होतं. मी हात केला. मला वाटलं, मास्तरांनी बघितलंय, म्हणून पायडल मारलं. रोजचंच आहे आपलं."

मेव्हण्याने सावकाश मान वळवली. "दाजी? म्हणजे सायकल होती?"

मास्तरांना तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की मला दिसली नाही. तीन शब्द. पण नऊ वर्षं त्या खुर्चीत ज्याच्या जिवावर माणूस घोरत होता, त्याच्या तोंडून ते निघेनात. निघालं ते दुसरंच.

"होती ना," ते म्हणाले. "मी बघितली होती. हिची परीक्षा घेत होतो. बघू म्हटलं, स्वतः ब्रेक मारते का. म्हणून मी ब्रेक दाबला नाही."

"मग शेरा तसा का?"

"उशिरा मारला. आणखी हातभर आधी मारायला हवा होता."

मेव्हण्याने टेबलावर थाप मारली. "बघा! याला म्हणतात मास्तर. काळजाला केवढी हिंमत लागते!"

टपालवालीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "परीक्षा घ्यायला माझेच पाय सापडले का हो?" ती म्हणाली. पाणी न पिताच ती पिशवी उचलून बाहेर पडली.

मुलगी मास्तरांकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. जिन्यावर घसरलेल्या म्हाताऱ्याकडे आपण जसं बघतो, उठवावं की न बघितल्यासारखं करावं हे न कळून, तसं ती बघत होती. मग ती उठून कामावर गेली.

मास्तरांना तिथे उभं राहवेना. फायली उलट्यासुलट्या लागल्या होत्या. दुपारी मेव्हणा घोरायला लागल्यावर त्यांनी खणातून परीक्षेची एक कोरी चिठ्ठी काढली, तिच्यावर मुलीचं नाव लिहिलं, सही केली, घडी घालून खिशात टाकली आणि चोरासारखे बाहेर पडले. चिठ्ठी द्यायची, म्हणजे प्रकरण मिटलं. कुणाला काही सांगायला नको. बाजारातले तीन मजले चढताना त्यांना धाप लागली, पण खिशातली घडी त्यांना पायांपेक्षा जड लागत होती.

हॉलमध्ये दुपारची सामसूम होती. ओळीने खुर्च्या, प्रत्येकीपुढे स्टिअरिंग, वर हुकाला टांगलेले काळे चष्मे. मुलगी फडक्याने ते पुसत होती. मास्तरांना बघून तिने फडकं खाली ठेवलं.

"ही घे," त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

तिने उघडून वाचली. "ही कशाबद्दल, मास्तर?"

"घे म्हटलं ना. हात चांगला आहे तुझा."

"काल दहा फेऱ्या होत्या. आज हात चांगला झाला?" ती हळूच म्हणाली. "खरं सांगाल? बघितली होती का तुम्ही त्यांना?"

मास्तर भिंतीवरचे तिने जिंकलेले कप बघत राहिले. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाले, "हे तुझं यंत्र दाखव तरी एकदा. एवढं नाव ऐकलंय."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टा सैल केला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. समोर रस्ता उघडला. निळं आभाळ, दोन्ही कडेला झाडं, हातात स्टिअरिंग. मास्तर नाही म्हटलं तरी थक्क झाले.

"पहिल्यांदा कडेला काळं दिसेल," तिचा आवाज कानाशी आला. "सगळेच कुरकुरतात. डबड्यात डोकं घातल्यासारखं वाटतं म्हणतात. पाच मिनिटांत सवय होते."

"कुठं काळं?"

"कडेनं. दोन्ही बाजूंना. चष्म्याची कड."

"नाही बुवा," मास्तर म्हणाले. ते खूश झाले होते. आपले डोळे सगळ्यांपेक्षा चांगले निघाले म्हणून. "मला काही कड दिसत नाही. स्वच्छ आहे. नेहमी दिसतं तसंच दिसतंय."

ती खुर्चीच्या पुढे आली.

"नेहमीसारखं?" तिने विचारलं.

"अगदी."

तिने चष्मा काढून घेतला आणि समोर स्टूल ओढून बसली. "मास्तर, माझ्या नाकाकडे बघा. सरळ. डोळे हलवायचे नाहीत. मी कडेनं बोट आणते. दिसलं की सांगा."

मास्तरांनी तिच्या नाकाकडे बघितलं. नाकावर पुसायच्या पावडरीचा पांढरा ठिपका लागला होता, तोही त्यांना दिसत होता. ते थांबले. आणखी थांबले.

"आण ना बोट."

"आणलंय, मास्तर," ती म्हणाली. "केव्हाचं."

त्यांनी डोळे डावीकडे वळवले. बोट तिथे होतं. कानापासून पार गालापाशी आलेलं.

मास्तर त्या खुर्चीत बसून राहिले. त्यांना फुटलेले कप आठवले आणि काचा गोळा करणारी बायको आठवली. चौकट आठवली. मग ते मागे मागे जायला लागले. किती फेऱ्या बिनघंटीच्या झाल्या? गेल्या वर्षी? त्याआधी? घंटी वाजली नाही म्हणजे शिकणारा चुकला नाही, असंच सगळे धरून चालले होते. तेही. मास्तरांना दिसलं नाही म्हणूनही घंटी गप्प राहू शकते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. किती जणांना त्यांनी छातीठोकपणे चिठ्ठ्या दिल्या होत्या. आणि हिला, जिची मान त्यांच्या वाटणीचंही बघत होती, तिला त्यांनी कबूतर म्हटलं होतं.

"तू हसत का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"हसण्यासारखं काय आहे?"

"मी हसलो होतो तुला."

तिने चिठ्ठी पुन्हा त्यांच्या खिशात घातली. "ही अशी नको, मास्तर. शेरा खोडा, मग द्या. त्या कार्डावर माझी सही आहे."

पाच वाजता शिवणवाल्या काकूंची फेरी होती. मास्तर शाळेपाशी पोचले तेव्हा काकू गाडीत स्टिअरिंग धरून तयार बसल्या होत्या. "या मास्तर! आज घंटी वाजली तर नाव बदलेन."

त्यांचा हात सवयीने डाव्या दाराच्या मुठीकडे गेला. गेला आणि तिथेच राहिला. त्या क्षणी बसून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. फेरी अर्ध्या तासाची होती. डॉक्टरकडे उद्या जाता आलं असतं, गुपचूप. हे त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात आलं याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

"उतरा काकू," ते म्हणाले. "आज मी बसू शकत नाही."

"बरं नाही का?"

"मला कडेचं दिसत नाही. काल सायकल होती. मला दिसली नाही."

काकूंचं तोंड उघडलं आणि त्या बाईच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तसंच काही न बोलता मिटलं. त्या गाडीतून उतरल्या आणि कपाळावर जिथे टेंगूळ आलं होतं तिथे त्यांनी हात ठेवला.

मास्तरांनी आत जाऊन तेच सांगितलं, तसं मेव्हण्याने आधी दार लावून घेतलं. "दाजी, हळू बोला. बाहेर लोक आहेत. वयाप्रमाणे होतं असं. डॉक्टरला दाखवू, थेंब घालू. तोवर तुम्ही बसा नुसते, रिकाम्या रस्त्यानं न्या गाडी. शाळेचं नाव तुमच्यावर आहे हो."

"म्हणून तर," मास्तर म्हणाले.

"सकाळी तर म्हणालात परीक्षा घेत होतो."

"खोटं बोललो."

मेव्हण्याने त्यांच्याकडे बघितलं आणि मग टेबलाकडे. मास्तरांनी गठ्ठ्यातून मुलीचं कार्ड काढलं. शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: *सायकल होती. शिकणारीने वेळेवर ब्रेक मारला. मास्तरला दिसली नाही. चिठ्ठी द्यावी.* त्याखाली, शिकणारे करतात त्या जागी, त्यांनी सही केली. अक्षर वाकडं आलं. मग खिशातली चिठ्ठी काढून कार्डावर ठेवली, तिच्यावर आपला बिल्ला ठेवला आणि घरी गेले. घरी बायकोने चहा आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही. तिला सांगितलं, तेव्हा ती इतकंच म्हणाली, "आणि मी कपांचा रंग बदलून बघणार होते."

डॉक्टरची वेळ दुसऱ्या दिवशी अकराची होती. तरी मास्तर सकाळी शाळेपाशी आले. आत गेले नाहीत. पायरीजवळ उभे राहिले. टपालवाली आली, सायकल भिंतीला लावली आणि त्यांच्या शेजारून निघून आत जायला लागली.

"बाई, थांबा जरा."

ती थांबली. तोंड मात्र तिने दाराकडेच ठेवलं.

"परवा मी परीक्षा घेत नव्हतो. माझं तोंड तुमच्या बाजूला होतं, पण तुम्ही मला दिसला नाहीत. डोळ्यांचं काहीतरी आहे. कालच कळलं. काल सकाळी मी खोटं बोललो."

आता ती वळली. मास्तरांना वाटलं होतं, ती चिडेल किंवा जाऊ द्या म्हणेल. दोन्हींची त्यांनी तयारी केली होती. तिने त्यातलं काहीच केलं नाही. ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली, आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे.

"मी त्या गल्लीतून किती वर्षं बाहेर येते, माहीत आहे?" ती म्हणाली. "आधी बघायची दोन्हीकडे. मग तुमची गाडी त्या वेळेला असते हे कळलं, तेव्हापासून नुसती तुमच्याकडे बघायची. मास्तरांचं तोंड माझ्या बाजूला दिसलं की निघायचं. म्हणजे इतके दिवस मी कुणाच्या भरवशावर बाहेर येत होते हो?"

मास्तरांनी मान खाली घातली. घातल्यावर त्यांना तिचे फक्त पाय दिसले, पुढच्या बाजूला झिजलेल्या चपलांमधले. ते पाय दाराशी गेले, टपाल टाकून आले, सायकलकडे वळले आणि दिसेनासे झाले.

मास्तरांनी मान वर केली आणि डावीकडे वळवली, तेव्हा ती त्यांना सापडली. नजरेतून निसटू नये म्हणून ते मान वळवत वळवत डोळ्यांनी तिच्या मागे जात राहिले. फर्निचरच्या दुकानाजवळच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. एक पाय जमिनीवर टेकून तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. तरी ती बराच वेळ तशीच उभी होती.